पायऱ्यांजवळचं मॅग्नोलिया

११ जानेवारी

आजपासून लिहून ठेवणार. औषधांच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. पाकिटातली एखादी गोळी कमी, एखाद्या बाटलीचं सील किंचित उचललेलं, असलं काही दिसलं की ते उचलून बाजूला काढायचं, हे माझं काम. तिथे एक शिस्त आहे. शंका आली की आधी लिहायची, मग तोंड उघडायचं. घरी मी नेमकं उलटं करते आणि तोंडघशी पडते. म्हणून ही वही.

शंका अशी, की बाबांकडे एक बाई येते.

आई गेल्यापासून बाबा त्यांच्या छोट्या बैठ्या घरात एकटे राहतात. मी दर रविवारी बसने जाते. आज फाटक उघडलं, तर दारापुढच्या बागेत (बाग म्हणजे काय, दोन खाटा टाकल्या तर तिसरी मावणार नाही) गवती टोपी घातलेली एक बाई गुडघे टेकून बसलेली. पाऊलवाटेच्या दोन्ही कडांना पांढरे गोटे बसवत होती. आणि बाबा दारात उभं राहून तिला विचारत होते, "साखर किती?" आई होती तोवर या माणसाला घरात साखर कुठे असते हे माहीत नव्हतं.

"ही कोण?" मी आत गेल्यावर विचारलं.

"मैत्रीण आहे," बाबा म्हणाले. चेहऱ्यावर संकोच म्हणून नाही.

टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती म्हणे, आता निवृत्त. ओळख कुठे झाली, तर दवाखान्यात.

"तुम्ही दवाखान्यात कशाला गेला होतात?"

"तिथला पंखा चांगला आहे."

बाबा विनोद करतात तेव्हा त्यांना काहीतरी लपवायचं असतं. बाईंनी नाव सांगितलं होतं, मी लक्षात ठेवलं नाही. टोपीवाली पुरे.

१८ जानेवारी

दाराच्या तीन पायऱ्या उतरताना उजव्या हाताला आता एक भलंमोठं लाकडी पिंप आहे, अर्धं कापलेलं, आणि त्यात झाड. दोघं मिळून रोपवाटिकेत जाऊन घेऊन आले. "आमचं मॅग्नोलिया," बाबा म्हणाले. आमचं!

जात बुटकी आहे, वर्षानुवर्षं माणसाच्या उंचीवर जात नाही, म्हणून छोट्या बागेला बरी. पानं जाड, वरून तुकतुकीत, खालून तपकिरी मखमल. बाबा किती वेळ एक पान अंगठ्याने चोळत बसले होते. मी म्हटलं, झाड छान आहे, पण ऊन तर समोरच्या भिंतीकडे आहे, आईचा बाक असायचा तिथे. इथे पायऱ्यांना चिकटून कशाला, येता-जाता अडचण?

"इथेच हवं," टोपीवाली म्हणाली.

"इथेच हवं," बाबा म्हणाले.

तालीम केल्यासारखं.

पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवल्या आहेत. घर आहे की बसस्टॉप?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मिळाली मैत्रीण तर मिळू दे की म्हाताऱ्या माणसाला. उद्या मला मिळाली तर माझ्यावरही वही लिहिशील का?"

"तुझ्यासाठी वही लागणार नाही," मी म्हटलं.

८ फेब्रुवारी

तिने आता स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आहे. प्रत्येक डब्याला रबरबँड. साखरेला एक, मिठाला दोन, चहापत्तीला काहीच नाही. मी नुसता साखरेचा डबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर बाबा माझ्यावर ओरडले. माझ्यावर! "जिथली वस्तू तिथे ठेवायला काय होतं?" आयुष्यभर आईने हेच वाक्य त्यांना ऐकवलं.

अजून एक. बाबांनी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासण्यात घालवली. निवृत्तीनंतरही सकाळचा पेपर लाल पेन्सिल घेऊनच वाचायचे आणि चुका काढून संपादकाला शिव्या घालायचे. आज पेन्सिल कुठेच नाही. पेपर टोपीवाली वाचते, मोठ्याने, आणि हे जमीनदारासारखे डोळे मिटून आरामखुर्चीत. मधेच बोट वर करतात. "तिथे स्वल्पविराम नसेल, पूर्णविराम असेल. बघा." ती बघते. "पूर्णविरामच आहे, शोधक." मुद्रितशोधकातला नुसता शोधक म्हणते ती त्यांना. मग दोघं हसतात.

स्वतः वाचायचं सोडून दुसऱ्याच्या तोंडून जग ऐकायला लागला की माणूस दुसऱ्याच्या मुठीत जातो. ती काय वाचते आणि काय गाळते, कुणाला कळतंय?

१ मार्च

कुरियरवाला एक पोतं घेऊन आला. सही हवी होती. टोपीवालीने बाबांचं बोट धरून कागदावर टेकवलं. "इथे." आणि बाबांनी केली सही. कागदाकडे न बघता! ज्या माणसाने दुकानाच्या पावतीवरचं शुद्धलेखनसुद्धा सोडलं नाही, तो माणूस.

पोत्यात काय होतं, तर माती. या झाडाला आंबट माती लागते आणि बुंध्याभोवती सालींचा थर लागतो, मुळं वरच्यावर असतात म्हणून तिथे खणायचं नसतं, असं तिने मला समजावलं. मी पोतं उघडून बघितलं. मातीच होती.

आज माती. उद्या घराचे कागद असले तर?

१५ मार्च

केस कापले. इतक्या वर्षांची वेणी गेली, खांद्यापर्यंतच ठेवले. कारखान्यात दिवसभर तोच विषय. बाबांनी ब्रही काढला नाही.

आणि त्याहून वाईट. मी मऊ तळव्यांचे नवे बूट घालून गेले होते. दारात उभी राहिले, तर बाबा खुर्चीतून उठून गोड आवाजात, "आलात? या, या. तुमचीच वाट बघत होतो."

मी एक पाऊल आत टाकलं.

"बाबा, मी आहे."

क्षणभर चेहरा कोरा झाला. मग, "अगं हो. गंमत केली."

गंमत नव्हती. तिची वाट बघत होते. मी दिसले तरी डोळ्यांसमोर तीच होती. बसमध्ये रडू आलं, लिहायला लाज वाटते आहे, पण आलं.

२९ मार्च

मॅग्नोलियाची जुनी पानं गळताहेत. वाळली की चामड्यासारखी कडक होतात. वाटेवर पसारा झाला होता, मी झाडू घेतला. बाबा आतून ओरडले, "राहू दे ती!"

"कचरा आहे, बाबा."

"वाजतात. कुणी आलं की कळतं."

कुणाची भीती वाटते यांना? पूर्वी दार उघडं टाकून झोपणारा माणूस. तिनेच काहीतरी भरवलं असणार मनात. म्हाताऱ्यांना आधी घाबरवायचं आणि मग आधार द्यायचा, ही जुनी युक्ती आहे.

१९ एप्रिल

आज बोलले. लिहून ठेवून पुरे झालं होतं.

ती निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत तिच्यासोबत गेले. विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवं आहे?"

"मला?" तिने टोपी काढून वारा घेतला. "एक कप चहा, आणि ऐकणारं कुणीतरी."

"घर बाबांच्या नावावर आहे, माहीत असेलच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग टोपी घातली. "माहीत नव्हतं. तुमच्यामुळे कळलं."

मला वाटलं तिथेच वाद संपेल, पण ती वळून परत आली. "हे बघा, तुमच्यापासून एक गोष्ट लपवली जाते आहे आणि ते मला पटत नाही. मी त्यांना तसं सांगितलंय, भांडलेय त्यावरून. पण मी शब्द दिलाय. तुम्हीच विचारा त्यांना. सरळ विचारा, उलटतपासणी नको."

"मी विचारीन काय विचारायचं ते. तुम्ही येणं बंद करा."

"मी तशीही बहिणीकडे चाललेय महिनाभर. तोवर एवढंच करा, घरातल्या वस्तू जागच्या जागी राहू द्या."

म्हणजे काय? वस्तूंवर हक्क सांगून गेली की काय?

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, लपवण्यासारखं काय असणार? लग्न केलंय त्यांनी. गुपचूप. तो म्हणाला, "मग बाबांना विचार ना." मी विचारणार नाही. त्यांच्या तोंडून 'हो' ऐकायची माझी तयारी नाही.

१० मे

पहिलं फूल उमललं. खोटं कशाला बोलू, बघत राहावं असं आहे. दोन्ही हातांच्या ओंजळीएवढं, पांढरं, जाड पाकळ्यांचं, आणि वास लिंबाच्या सालीसारखा, पण गोड. फाटकातच येतो.

बाबा खुशीत होते. फुलात जवळजवळ नाक खुपसून उभे. पाकळ्यांवरून बोटं फिरवत होते.

"हात लावू नका, डाग पडतात," मी म्हटलं. खरंच पडतात, जिथे बोट लागतं तिथे तपकिरी होतं.

"मग बघू कसं?" बाबा म्हणाले.

पुन्हा विनोद. मी हसले नाही.

१७ मे

रजा टाकून आठवडाभर बाबांकडे राहायला आले आहे. ती नाही तोवर घर जागेवर आणायचं.

सकाळपासून कामाला लागले. रबरबँड सगळे काढून फेकले, डबे उंचीप्रमाणे लावले. आरामखुर्ची खिडकीशी सरकवली, उजेड येतो तिथे. वाटेवरची पानं झाडून जाळीच्या टोपलीत भरली. बाबा सकाळी गप्प होते, दोनदा स्वयंपाकघरात जाऊन काही न घेता परत आले. "काय हवंय?" म्हटलं तर "काही नाही."

दुपारी शेजाऱ्यांचं कपाट हलवायला दोन हमाल आले होते. त्यांनाच म्हटलं, एवढं पिंप जरा उचला. पार समोरच्या भिंतीशी नेऊन ठेवलं, आईच्या बाकाच्या जागी. आता त्याला दिवसभर ऊन मिळेल. पायऱ्या मोकळ्या झाल्या. दोन फुलं उमललेली होती, ती कापून आईच्या फोटोपुढे पाण्यात ठेवली. ती असती तर तिने हेच केलं असतं.

किती दिवसांनी हे घर आमच्या घरासारखं दिसतंय. बाबा दुपारचे झोपलेत. उठले की दाखवते.

१९ मे

बाबा पडले.

परवा संध्याकाळी. मी बागेतच होते, भिंतीशी, पिंपाला पाणी घालत. ते उठून दारात आले. मी मुद्दाम हाक मारली नाही, म्हटलं बघू दे, आश्चर्य वाटू दे. माझ्या अंगावर लाल सदरा होता, उजेड होता, मी चार पावलांवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्यावरून नजर पुढे गेली. मान जरा वर करून त्यांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. कपाळाला आठी पडली. मग त्यांनी उजवा हात बाजूला केला, पिंपाची कड असायची त्या उंचीवर. तिथे काही नव्हतं. हात तसाच हवेत चाचपत राहिला आणि पाय पुढे पडला.

तो हात मी बघितला. ओरडायला वेळ होता. माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही.

डावं मनगट मोडलं. डोक्याला टाके. दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती, तिने बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला विचारलं, "यांना किती दिसतं?"

"चष्मा आहे," मी म्हटलं.

तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. दीड-दोन वर्षांपासून जातो आहे. समोरचं काही दिसत नाही, कडेचं थोडंफार दिसतं, पांढरं असलं तर जरा जास्त. अक्षर दिसत नाही. चेहरा दिसत नाही.

या वहीची मागची पानं वाचली. आतापर्यंत लिहिलेलं एकेक. माझं काम म्हणे तपासणी.

२० मे

आज बोलले आम्ही. म्हणजे मी आधी चिडले. का नाही सांगितलं, मी कोण आहे, मुलगी की शेजारीण?

बाबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "सांगितलं असतं तर त्याच दिवशी बॅग भरली असतीस माझी."

"भरलीच असती. चुकलं काय त्यात?"

"आईच्या आजारात तू घराचा दवाखाना केलास. दोष देत नाही मी. तू होतीस म्हणून ती राहिली तेवढी. पण शेवटी शेवटी तिला एकदा स्वतःच्या हाताने चहा करायचा होता. चार वेळा म्हणाली. तू करू दिला नाहीस. भाजेल म्हणालीस."

मला आठवत नाही. पण खरं असणार, कारण मी तसंच म्हटलं असतं.

"मला करायचाय," बाबा म्हणाले. "भाजलं तरी."

नंतर त्यांनी विचारलं, "केस कापलेस ना गं तू? मागेच. आवाज बदलला होता मान वळवतानाचा. पण खात्री नव्हती. विचारलं असतं आणि चुकलं असतं तर तुला कळलं असतं."

मी त्यांचा हात घेऊन माझ्या केसांवर ठेवला.

"बरे आहेत," ते म्हणाले. "आखूड आहेत."

२४ मे

टोपीवालीकडे गेले. तिचं घर पहिल्यांदाच बघितलं, एक खोली आणि गॅलरी, गॅलरीत कुंड्या. बहिणीकडून परत आली होती. दार उघडून तिने मला आत या म्हटलं नाही.

मी सगळं सांगितलं. पिंप हलवल्याचंही.

ती पांढरी पडली. "फुलं कापलीत? दोन्ही?"

"हो."

"वासावर दार सापडावं त्यांना. फाटकातून आत आले की सरळ. म्हणून तर एवढ्या रोपवाटिका हिंडून सुवासाचं शोधलं. फुलं नसतील तेव्हा पानांचा आवाज. मी तुम्हाला म्हटलं होतं, वस्तू जागच्या जागी ठेवा."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते कळलं मला फाटकाशीच."

"बाबा तुम्हाला बोलावताहेत."

"मी कुणाची नोकर नाही, बोलावल्यावर यायला. त्यांनी बोलावलंय. तुम्ही बोलावताय का?"

हे मला अवघड गेलं. लिहिताना वाटतं तेवढं सोपं नव्हतं. मी म्हटलं, "या. मीही बोलावते आहे."

मग तिने दार पूर्ण उघडलं. चहा केला. म्हणाली, "जन्मभर लोकांचे फोन एकमेकांना जोडून दिले. दोन माणसं बोलायला लागली की आपण बाजूला व्हायचं. तुमच्या वडिलांना मी वाचून दाखवते तेव्हा ते मधेच भांडतात माझ्याशी. मला फार आवडतं ते."

निघताना तिने बजावलं, "त्यांच्यासाठी काही करू नका. त्यांनी विचारलं तर सांगा. एवढंच. जमणार नाही तुम्हाला."

लग्नाचं मी विचारलं नाही. ती शंका अजून पूर्ण गेलेली नाही.

३१ मे

पिंप परत पायऱ्यांजवळ. मी, नवरा आणि एक हमाल. बाबा दारात उभं राहून हात बाहेर काढून जागा ठरवत होते. "अजून. अजून थोडं. आता माझ्याकडे." नवरा घामाघूम. टोपीवाली म्हणाली, इतकं हलवलंय, आता महिनाभर याला त्रास देऊ नका, पाणी घाला आणि गप्प बसा. माझ्याकडे बघूनच म्हणाली.

डबे मी ओळीत ठेवले होते, ते बाबांनी स्वतः परत लावले. पाऊण तास मी नुसती बघत बसले. एक डबा पडला. मी उठले, मग बसले.

२१ जून

झाडाने राग धरलेला नाही. चार कळ्या आल्या, दोन उमलून गेल्या.

टोपीवालीला आज यायला उशीर होता. बाबा म्हणाले, सुकलेली फुलं काढून टाकतो, नाहीतर झाड उगाच बियांमागे लागतं. डावा हात प्लास्टरात. उजव्या हाताने आधी फांदी चाचपायची, जागा सापडली की खिशातली कात्री काढायची, असं चाललं होतं. मी पायरीवर बसले होते, हात मांडीखाली दाबून.

एक सुकलेलं फूल बरोबर सापडलं. कापलं. दुसरीकडे बोटं गेली ती थेट कळीवर, टपोऱ्या, उद्या-परवा उमलणाऱ्या. अंगठ्याने देठ चाचपून जागा मनात धरली आणि कात्री काढण्यासाठी तोच हात खिशाकडे. पुन्हा देठाशी आला. पाती उघडली.

मी जीभ चावली. खरंच चावली, रक्ताची चव आली.

बाबा थांबले. कात्री अंगठ्यात अडकवून ठेवून उरलेल्या बोटांनी पुन्हा एकदा कळी वरपासून खालपर्यंत बघितली. "ही नाही," स्वतःशीच म्हणाले. मग माझ्या दिशेने मान वळवून, "तू श्वास का रोखलास?"

"कापाल असं वाटलं."

"मग बोलायचं की."

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

ते हसले. टाके पडले होते तिथली कातडी अजून ओढली जाते हसताना. कात्री मिटून त्यांनी क्षणभर हात खाली घेतला, काहीतरी ठरवत असल्यासारखं.

"बरं, विचारतो," ते म्हणाले. "सुकलेलं अजून एक असेल ना? कुठे आहे ते?"

"डावीकडे. जरा वर. नाही, तेवढं नाही. हं, तिथे."

त्यांचं बोट तिथे पोचलं.